फिटची गोळी, मुलाची हाडं आणि अर्धी केलेली मात्रा

पत्र

नमस्कार. आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी त्याला पहिली फिट आली. काही महिन्यांत पुन्हा दोनदा आल्यावर डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन सुरू केलं. गेल्या दीड वर्षात एकही फिट नाही. मागच्या महिन्यात मैदानात पळताना तो हातावर पडला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. प्लास्टर घालताना तिथल्या एकाने सहज विचारलं, "फिटच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनी हाडं ठिसूळ होतात." तेव्हापासून माझ्या पत्नीची झोप उडाली आहे. परवा कळलं, की मला न सांगता तिने दोन रात्री गोळी अर्धीच दिली. त्यावरून आमचं भांडण झालं. ती म्हणते, फिट थांबल्यात, आता हाडं वाचवू. अलीकडे तो अधूनमधून पाय दुखतात असंही म्हणतो. मी कॅल्शियमच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत, पण द्याव्यात की नाही ते कळत नाही. रक्ताच्या तपासण्या वेळोवेळी होतात आणि नॉर्मल येतात. औषध बदलून घ्यावं का? हाडांचा स्कॅन करावा का? आणि त्याला आता खेळू द्यावं का?
— एक बाबा

उत्तर

नमस्कार. बाकी सगळ्या प्रश्नांआधी एक काम करा. मुलाच्या डॉक्टरांना आजच फोन करून दोन रात्री अर्धी गोळी गेली आहे, हे घडलं तसं सांगा आणि ते म्हणतील त्याप्रमाणे पूर्ण मात्रेवर या. फिटचं औषध अचानक कमी केलं, की दबलेल्या फिट परत येऊ शकतात आणि कधी कधी एकीमागून एक, न थांबता येतात. पाच मिनिटांत न थांबणारी फिट म्हणजे तातडीने रुग्णालय गाठायची वेळ. ज्या हाडांच्या काळजीने मात्रा कमी झाली, त्या हाडांनाही मोठ्या फिटमध्येच जास्त धोका असतो. मूल आहे तिथे कोसळतं, स्वतःला सावरू शकत नाही. स्नायू इतक्या जोराने आवळले जातात, की त्या ताणाने मणका दबल्याची किंवा खांदा निखळल्याचीही उदाहरणं आहेत. आणखी एक, गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची असेल तर ती चुरडून किंवा चावून द्यायची नसते. ती कशी द्यायची तेही याच फोनवर विचारून घ्या.

हे स्पष्ट सांगितलं, कारण यात उशीर नको. पण तुमच्या पत्नीने काही तरी वेडगळ भीती धरली आहे, असं समजू नका. त्यांची शंका खरी आहे. फिटच्या काही औषधांचा हाडांवर परिणाम होतो, आणि हे वैद्यकशास्त्राला १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. त्या काळी बरीच वर्षं फिनोबार्बिटाल आणि फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत, विशेषतः संस्थांमध्ये राहणाऱ्या आणि उन्हात फारसं न जाणाऱ्या मुलांत, मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याचे प्रकार डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले. फिनोबार्बिटाल फिटसाठी १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. म्हणजे औषधांनी आपलं काम चोख केलं, पण हाडांकडे लक्ष जायला कित्येक दशकं लागली. खेदाची गोष्ट अशी, की आजही अनेक घरांत ही माहिती डॉक्टरांच्या खोलीत न मिळता प्लास्टरच्या टेबलापाशी कानावर पडते. फिटचे डॉक्टर फिट मोजतात, हाडांचे डॉक्टर मोडलेलं हाड जुळवतात आणि मधली जागा कुणाचीच नसते. ती जागा आईवडिलांनी प्रश्न विचारून भरायची असते. गोळी कमी करून ती भरत नाही, माझं तुम्हा दोघांना सांगणं एवढंच आहे.

आता हे नेमकं कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे कुठल्या तपासणीला काय अर्थ आहे तेही कळेल. ऊन अंगावर पडलं की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते लिव्हरमध्ये जाऊन त्याचं साठ्याचं रूप बनतं, आणि मूत्रपिंडात त्यातूनच प्रत्यक्ष काम करणारं रूप तयार होतं. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषलं जायला हे हवंच असतं. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटाल आणि प्रिमिडोन ही औषधं लिव्हरमधल्या काही विकरांचं, म्हणजे एन्झाइम्सचं काम वाढवतात. हीच विकरं ड जीवनसत्त्व मोडून निकामी करतात. मुलगा ऊन घेतो, नीट जेवतो, तरी साठा नेहमीपेक्षा लवकर संपू लागतो. साठा घटला की आतड्यातून कॅल्शियम कमी येतं, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी सावध होतात आणि त्यांच्या संप्रेरकामुळे, म्हणजे हॉर्मोनमुळे, हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. हे सगळं महिनोन्‌महिने संथपणे चालतं, बाहेर काहीही दिसत नाही.

'तपासण्या नॉर्मल येतात' याचं कोडं इथेच सुटतं. शरीर रक्तातलं कॅल्शियम कोणत्याही परिस्थितीत सांभाळतं, कारण हृदय, स्नायू आणि नसा त्यावर चालतात. त्यासाठी हाडं रिकामी करावी लागली तरी ते करतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असलं तरी हाडं ठीक आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय कार्बामॅझेपिन घेणाऱ्या मुलांच्या नेहमीच्या तपासण्यांत बहुधा रक्तपेशी, लिव्हर आणि सोडियम पाहिलं जातं. ड जीवनसत्त्व वेगळं मागितल्याशिवाय बहुतेकदा होतच नाही. जुने रिपोर्ट काढून बघा. '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' अशी ओळ त्यांत कुठे आहे का? नसेल, तर तुमच्या मुलाच्या हाडांविषयी आतापर्यंत कुणी विचारलेलंच नाही, असं समजायला हरकत नाही.

सगळा दोष ड जीवनसत्त्वाच्या माथीही मारता येत नाही. पातळी पुरेशी असूनही काही रुग्णांत हाडांची घनता कमी आढळते. त्यामुळे काही औषधं हाडांच्या पेशींवर थेटही परिणाम करत असावीत असं मानलं जातं. व्हॅल्प्रोएट तर विकरांचं काम वाढवतच नाही, तरीही दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हाडांची घनता घटल्याच्या नोंदी आहेत, आणि क्वचित ते मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाण्याला कारणीभूत ठरतं. टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांचा मार्ग वेगळाच. त्यांनी रक्तातली आम्लता वाढते, आणि ती दीर्घकाळ टिकली तर हाडांवर आणि मुलाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मूतखड्याचा धोकाही वाढतो. म्हणून ही दोन औषधं घेणाऱ्या मुलांना स्वतःच्या मनाने कॅल्शियम देणं अधिकच जोखमीचं. फिटसाठी कीटोजेनिक, म्हणजे भरपूर चरबीच्या आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांच्या आहारावर असलेल्या मुलांच्या हाडांवरही असंच लक्ष ठेवावं लागतं. लेव्हेटिरासेटाम आणि लॅमोट्रिजिन ही हाडांच्या दृष्टीने तुलनेने सौम्य मानली जातात.

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, एमएचआरएने, एप्रिल २००९ मध्ये डॉक्टरांना याबाबत सूचना दिली होती. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, प्रिमिडोन आणि सोडियम व्हॅल्प्रोएट दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी जे फारसे हिंडतफिरत नाहीत, ज्यांना ऊन कमी मिळतं किंवा आहारात कॅल्शियम कमी पडतं, त्यांना ड जीवनसत्त्व देण्याचा विचार करा, असं त्यात होतं. म्हणजे तुमच्या पत्नीने ऐकलेली गोष्ट अफवा नाही. मात्र त्या सूचनेत औषध बंद करा असं कुठेही नव्हतं.

आता मोडलेल्या मनगटाविषयी. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने पळताना पडून मनगट मोडून घेणं ही बालपणातली अगदी नेहमीची घटना आहे. मोठं होईपर्यंत साधारण दर तीन मुलांमागे एकाचं एखादं हाड मोडतं, आणि त्यात हाताचं मनगटाजवळचं हाड आघाडीवर असतं. या वयापासून पुढच्या काही वर्षांत उंची झपाट्याने वाढते, हाडं लांब होतात आणि त्यांत खनिज भरण्याचं काम थोडं मागे राहतं. फिटची गोळी कधीही न घेतलेली मुलंही अशीच हातावर पडतात आणि अशीच प्लास्टर घालून घरी येतात. तेव्हा एका फ्रॅक्चरवरून 'गोळीने हाडं पोखरली' असं म्हणता येणार नाही. उभ्याउभ्या पडून किंवा किरकोळ धक्क्याने मांडीचं हाड मोडलं, वर्षा-दोन वर्षांत दुसरं-तिसरं हाड मोडलं, किंवा काही न लागता पाठीचा मणका दबला, तर गोष्ट वेगळी. मग त्याला नुसतं प्लास्टर पुरत नाही. त्यामागचं कारण शोधावंच लागतं.

पाय दुखण्याकडे मात्र नीट लक्ष द्या. वाढत्या वयात अनेक मुलांचे दोन्ही पाय संध्याकाळी किंवा रात्री दुखतात, चोळून दिले की बरं वाटतं आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारत असतं. त्याची काळजी नसावी. पण दुखणं दिवसाही राहत असेल, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, जिना चढताना तो कठड्याचा आधार घेऊ लागला असेल, जमिनीवरून उठताना हात टेकत असेल, चालताना डुलत असेल, मनगटं रुंद वाटत असतील किंवा पाय वाकत असतील, तर ते ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. मांड्यांच्या आणि खुब्याच्या स्नायूंना ही कमतरता लवकर जाणवते. पालकांना ते पुष्कळदा आळस वाटतं. एक दिवस त्याला सांगून-सवरून काही करायला लावू नका, फक्त तो जमिनीवरून कसा उठतो आणि जिना कसा चढतो ते पाहा, आणि पाहिलं ते डॉक्टरांना सांगा.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच खाली गेलं, तर त्यामुळेही फिट येऊ शकते. म्हणून हाडांची तपासणी म्हणजे फिटच्या उपचाराला फाटा देणं नाही, ती त्या उपचाराचाच भाग आहे. घरात हा वाद पुन्हा निघाला तर हे ध्यानात असू द्या.

डॉक्टरांकडे जाताना कोणत्या तपासण्या मागायच्या? रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं बनताना रक्तात वाढणारं एक विकर) यांच्यापासून सुरुवात होते. पातळी कमी निघाली तर पॅराथायरॉइड संप्रेरकही पाहतात. वाढत्या मुलांत अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर तो आकडा उगाच धडकी भरवतो, त्यामुळे वयाप्रमाणे असलेल्या मर्यादेशी तो ताडून घ्यायला सांगा. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर मुडदुसाविषयी २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या निकषांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे पुरेसं आणि १२ पेक्षा कमी म्हणजे कमतरता. औषध सुरू असेपर्यंत ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा व्हायला हवी. एकदा चांगली आली म्हणून ती कायमची चांगली राहते असं नाही.

स्कॅनची घाई नको. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन निरोगी, हिंडत्याफिरत्या मुलात एका साध्या फ्रॅक्चरनंतर लगेच करावा लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट, दुखणं आणि तपासणी पाहून डॉक्टर ते ठरवतील. केलाच, तर मुलांच्या रिपोर्टमध्ये टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसांशी केलेली तुलना, पाहायचा नसतो, तो मोठ्यांसाठी आहे. मुलांत झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना, पाहतात, तोही वय, मुलगा की मुलगी आणि उंची लक्षात घेऊन. उणे २ किंवा त्याहून खाली आला तर वयाच्या मानाने घनता कमी म्हणतात. नुसत्या त्या आकड्यावर मुलाला 'ऑस्टिओपोरोसिस' आहे असं ठरवत नाहीत.

तुम्ही आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तूर्त बाजूला ठेवा. ड जीवनसत्त्व कमी असताना नुसतं कॅल्शियम दिलं तर त्यातलं थोडंच शोषलं जातं. मूल दूध-दही, पालेभाज्या, तीळ असं खात असेल तर गोळीची गरजही नसेल. चार ते आठ वर्षांच्या मुलांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि नऊ ते अठरा वर्षांच्या मुलांना १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, अशी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनची शिफारस आहे. अन्नातून मिळेल तितकं अन्नातूनच द्यावं. आठवडाभर मुलगा खरोखर काय खातो ते लिहून घेऊन जा, म्हणजे गोळी लागेल की नाही ते डॉक्टर अंदाजाने न सांगता बघून सांगतील. फेनिटॉइनवर असलेल्या मुलांच्या पालकांनी हे वाचत असाल तर ध्यानात घ्या, की कॅल्शियम त्याच वेळी दिलं तर फेनिटॉइनचं शोषण कमी होऊ शकतं. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, ते तुमच्या मुलाला लागण्याची शक्यता बरीच आहे. एक वर्षावरच्या मुलांना रोज ६०० युनिट पुरतात, असं सर्वसाधारणपणे मानतात. फिटची औषधं घेणाऱ्या मुलांना त्यांच्या वयाच्या गरजेपेक्षा किमान दोन ते तीन पट लागेल, असं एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने, २०११च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवलं होतं. हा आकडा डॉक्टरांशी बोलण्यासाठी दिला आहे, घरी सुरू करण्यासाठी नाही. पातळी फार खाली असेल तर उपचाराची मात्रा याहून खूप मोठी आणि ठरावीक मुदतीची असते. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालेलं सहज बाहेर पडत नाही. मोठ्या मात्रेच्या पुड्या किंवा इंजेक्शनं कुणाच्या तरी सांगण्यावरून वारंवार घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. मूल ओकाऱ्या करतं, सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं, पोट साफ होत नाही, मलूल पडतं. मूत्रपिंडालाही इजा होते. कमतरतेइतकंच हेही टाळायला हवं.

औषध बदलावं का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, पण उत्तर 'नाही' आलं तर त्यांना हाडांची पर्वा नाही असा अर्थ लावू नका. फिटचे प्रकार अनेक आहेत आणि एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला पडत नाही. कार्बामॅझेपिन तर काही प्रकारच्या फिट वाढवूही शकतं. तुमच्या मुलाला ते लागू पडलं आहे, दीड वर्ष त्याला फिट नाही. नवीन औषधाने तेच होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पातळी भरून काढता येत असेल, हाडं ठीक असतील, तर चालू औषध चालू ठेवणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. याउलट कमतरता पुन्हा पुन्हा होत असेल किंवा फ्रॅक्चर होत राहिली, तर बदलाची बाजू भक्कम होते. आणखी एक विचारा. मुलांत साधारण दोन वर्षं फिटशिवाय गेली, की औषध हळूहळू उतरवण्याचा विचार करता येतो. तो कुणाच्या बाबतीत करायचा, हे फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि इतर गोष्टींवर ठरतं. तुमचा मुलगा त्या टप्प्याच्या जवळ आहे. म्हणूनही मधेच मात्रा चाळवणं परवडणारं नाही, त्यात फिट आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

खेळाबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. प्लास्टर निघून अस्थिरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली की त्याला खेळू द्या. धावणं, उड्या मारणं, पायांवर वजन येईल असं काहीही, हाडांना त्यानेच मजबूत होण्याची सूचना मिळते. उंची वेगाने वाढते त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडांतलं जवळजवळ एक चतुर्थांश खनिज भरलं जातं, आणि मुलग्यांत ही वर्षं बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास येतात. तुमच्या मुलाची ती अजून यायची आहेत. भीतीपोटी त्याला या वयात घरात बसवलं तर ऊनही जाईल आणि व्यायामही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला बाहेरच जावं लागतं. सायकल चालवताना हेल्मेट हवंच. पाण्यात उतरला, तर त्याच्याकडेच लक्ष असलेलं, पोहता येणारं मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. उंच चढण्याचे खेळ डॉक्टरांना विचारून. बाकी मैदान त्याचं आहे.

सर्वाधिक काळजी खरं तर दुसऱ्याच मुलांची करायला हवी, आणि त्यांचे आईवडीलही हे वाचत असतील म्हणून लिहितो. सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडण्याचा विकार) किंवा इतर कारणाने जी मुलं चालू शकत नाहीत, फिटसाठी दोन-तीन औषधं एकत्र घेतात, नळीने अन्न घेतात, उन्हात क्वचित जातात, त्यांच्यात सगळी कारणं एकत्र येतात. अशा मुलांचं मांडीचं हाड कपडे बदलताना किंवा उचलून ठेवतानाही मोडू शकतं. बोलून सांगता येत नसलेलं मूल अचानक हात लावू देईनासं झालं, पाय हलवला की रडू लागलं किंवा मांडी सुजली, तर एक्स-रे होईपर्यंत फ्रॅक्चर नाही असं गृहीत धरू नका. या मुलांची ड जीवनसत्त्वाची तपासणी तर औषध सुरू करतानाच व्हावी. आधाराने का होईना, पण उभं राहण्याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावा.

आणि तुमच्या घरातल्या भांडणाबद्दल. गोळी लपवून अर्धी करणं चूक होतं, पण त्यामागे चार वर्षं रोज न चुकता औषध देणारी आई होती आणि तिला कुणी नीट काही सांगितलेलं नव्हतं. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. डॉक्टरांच्या भेटीला दोघंही जा. जुने रिपोर्ट, खाण्याची वही, मोडलेल्या हाडाचा एक्स-रे आणि घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. हाडांचा प्रश्न तुमच्या पत्नीला पडला होता, तर डॉक्टरांसमोर तो त्यांनाच विचारू द्या, आणि समाधान होईपर्यंत विचारू द्या.